चर्चची शाळा, धर्मशिक्षण आणि कोल्हापूरची पोरं: पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

मी कोल्हापुरात कॅथलिक चर्चच्या आवारातल्या शाळेत शिकवते आणि रविवारी मिस्सेनंतर, म्हणजे चर्चमधल्या सामुदायिक उपासनेनंतर, धर्मशिक्षणाचा वर्ग घेते. आपल्याकडे अवघड प्रश्न पालकसभेत कुणी विचारत नाही. सभा संपल्यावर गेटपाशी, गाडीला किक मारता मारता विचारतात. तिथे घाईत दिलेली उत्तरं इथे सावकाश लिहिली आहेत. वेळा आणि नियम शाळेगणिक थोडे बदलतात, तेवढं आपापल्या शाळेच्या ऑफिसात विचारून घ्या.

मुलाला या शाळेत घातलं तर त्याला ख्रिस्ती करतील का?

नाही. प्रश्न हळू आवाजात येतो म्हणून उत्तर मोठ्यानं देते. राज्यघटनेचं कलम २८(३) असं सांगतं, की सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कुणालाही संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. मूल अल्पवयीन असेल तर ही संमती पालकांची लागते. चर्चचा स्वतःचा कायदाही ढिला नाही. कॅथलिक घरातल्या तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा, म्हणजे डोक्यावर पाणी ओतून ख्रिस्ती धर्मात घेण्याचा विधी, करायचा तरी आईवडिलांपैकी निदान एकाची संमती हवी, आणि मूल पुढे त्या श्रद्धेत वाढेल अशी रास्त आशा धर्मगुरूंना दिसायला हवी. मोठ्या माणसाला आपणहून यायचं असलं तरी आधी बराच काळ तयारी करावी लागते. वाट चुकून कुणाचा बाप्तिस्मा होत नाही. एका आजींनी मला विचारलं होतं, "टीचर, तिथलं ते पाणी पोराच्या अंगावर उडालं तर ओ?" वाळतं, म्हटलं.

मग सकाळच्या प्रार्थनेत येशूचं नाव कशाला?

कारण शाळा ख्रिस्ती आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. परिपाठात राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, सुविचार आणि बातम्या असतात. प्रार्थना कधी सर्वधर्मीय असते, कधी ख्रिस्ती. मुलानं हात जोडले नाहीत, ओठ हलवले नाहीत तरी चालतं. शांत उभं राहावं, एवढीच अपेक्षा. तुम्हाला तेही नको असेल तर तसा अर्ज द्या, अर्ज दिला म्हणून मुलाला कुणी वेगळं वागवणार नाही. वागवलं तर थेट मुख्याध्यापिका सिस्टरना भेटा. मधल्या कुणाला सांगत बसू नका.

धर्मशिक्षण आणि मूल्यशिक्षण एकच का?

नाही, पण वेळापत्रकात दोन्ही एकाच तासाला असतात, म्हणून गोंधळ होतो. घंटा झाली की कॅथलिक मुलं वह्या घेऊन एका वर्गात जातात आणि बाकीची मूल्यशिक्षणाला बसतात. धर्मशिक्षणात बायबल, प्रार्थना, संस्कार आणि संतांची चरित्रं येतात. मूल्यशिक्षणात खरं बोलणं, दुसऱ्याची वस्तू परत देणं, वर्गात एकट्या पडलेल्या मुलाशी बोलणं असे विषय येतात.

यात माझी एक जुनी तक्रार आहे. मी पूर्वी ज्या शाळेत होते तिथे सहामाही जवळ आली की मूल्यशिक्षणाचा तास गणिताला जायचा. 'पोर्शन राहिलाय' हे कारण. कॅथलिक मुलं त्या वेळात धर्मशिक्षणाला गेलेली, त्यामुळे त्यांचं गणित बुडायचं आणि उरलेल्यांची मूल्यं. दोन्हीकडचे पालक माझ्यावरच चिडायचे. शाळा निवडताना हा तास खरंच होतो का, हे वरच्या वर्गातल्या एखाद्या मुलाला विचारा. मुलं खरं सांगतात.

धर्मशिक्षणाच्या वर्गात नेमकं काय शिकवता?

पहिली-दुसरीत क्रुसाची खूण, 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' ही प्रभूची प्रार्थना आणि येशूची आई मरिया हिची प्रार्थना. क्रुसाची खूण निम्मी मुलं डाव्या हातानं करतात, ते सुटायला दिवाळी उजाडते. पुढे दहा आज्ञा, सात संस्कार आणि येशूचे दाखले, म्हणजे त्यानं सांगितलेल्या बोधकथा, येतात. दाखले सांगायला कोल्हापूरसारखं गाव नाही. पेरणाऱ्याचा दाखला सांगताना काही बी खडकावर पडलं, काही काटेरी झुडपांत पडलं म्हटलं, की करवीर-कागलकडून येणारी पोरं लगेच विचारतात, "टीचर, त्यानं आधी रान तयार केलं नव्हतं का?" या प्रश्नावर माझा अर्धा तास गेलेला आहे आणि तो वाया गेला असं मला वाटत नाही.

संतांमध्ये मी वसईच्या गोन्सालो गार्सियांपासून सुरुवात करते. आपल्या महाराष्ट्रातला माणूस, १५९७ साली जपानमध्ये नागासाकीला क्रुसावर मारला गेला आणि १८६२ साली संत झाला. वसई मुलांना माहीत असते, नागासाकी दुसऱ्याच कारणानं माहीत असतं, आणि ही दोन नावं एका गोष्टीत आली की वर्ग गप्प होतो. मोठ्या मुलांना कार्लो अक्युतिस जवळचा वाटतो. हा इटलीतला मुलगा कॉम्प्युटरवर रमायचा, २००६ साली पंधराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगानं गेला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये संत म्हणून जाहीर झाला. जीन्स आणि स्पोर्ट शूज घातलेला संत पाहून आठवीतला एक जण म्हणाला, "नाद खुळा." वहीत तसं लिहू नकोस, एवढंच मी म्हटलं.

अवघड प्रश्न पाठ्यपुस्तकात नसतात. 'देवाला कुणी केलं' हा दरवर्षीचा. त्याहून अवघड म्हणजे, "माझी आज्जी अंबाबाईला जाते, ती स्वर्गात जाणार नाही का?" आईवडिलांपैकी एक जण हिंदू असलेली मुलं आमच्याकडे असतात, त्यांच्यासाठी हा प्रश्न घरचा आहे. मी त्यांना दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेबद्दल, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेबद्दल, सांगते. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातलं काहीही चर्च नाकारत नाही, असं त्या परिषदेनं १९६५ साली लिहून ठेवलं आहे. पुढचा निवाडा देवाचा. आज्जीला नमस्कार सांग म्हणते.

पहिला ख्रिस्तप्रसाद कितव्या वर्षी मिळतो?

ख्रिस्तप्रसाद म्हणजे मिस्सेत ख्रिस्ताचं शरीर म्हणून दिली जाणारी भाकर. ती पहिल्यांदा मिळते साधारण तिसरी-चौथीत. पूर्वी मुलांना दहा-बारा वर्षांपर्यंत थांबावं लागायचं. पोप दहावे पायस यांनी १९१० साली ते वय सातच्या आसपास आणलं. साधी भाकर आणि ख्रिस्तप्रसाद यातला फरक मुलाला कळायला लागला, की ते तयार. आधी पहिलं पापनिवेदन होतं, म्हणजे आपल्या चुका फादरपाशी कबूल करायच्या. त्याची भीती मुलांपेक्षा आयांना जास्त असते. "तो घरातलं सगळं सांगेल हो फादरना!" सांगू दे. फादर ते कुणालाही सांगू शकत नाहीत. पापनिवेदनात ऐकलेलं फोडलं तर धर्मगुरूला चर्चमधली सर्वांत कडक शिक्षा आहे.

पांढऱ्या कपड्यांबद्दल माझं मत विचारलंच आहे म्हणून सांगते. फुग्याच्या बाह्यांचा फ्रॉक, फोटोग्राफर, हॉल, केक आणि दोनशे पानं हे सगळं संस्काराला लागत नाही. कर्ज काढून कम्युनियन, म्हणजे हाच पहिला ख्रिस्तप्रसाद, केलेली घरं मी पाहिली आहेत. थोरल्या बहिणीचा फ्रॉक धुऊन इस्त्री करून घातला तरी संस्कार तोच. ख्रिस्तप्रसाद घेण्याआधी तासभर पाणी आणि औषधाखेरीज काही खायचं-प्यायचं नाही, हे मात्र लागतं. सकाळी चहा-बिस्किट खाऊन आलेलं मूल रांगेत रडवेलं होतं, म्हणून आदल्या रात्रीच ठरवून ठेवा.

बाप्तिस्म्याचा दाखला हरवलाय. आता?

घाबरायचं कारण नाही. ज्या चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला तिथल्या नोंदवहीत तो कायम असतो. तिथे जन्मतारीख, आईवडिलांची आणि धर्मपिता-धर्ममातेची नावं दिली की उतारा मिळतो. पुढे दृढीकरण (बाप्तिस्म्यातली श्रद्धा पक्की करणारा संस्कार) आणि लग्न यांची नोंदही त्याच पानावर होते. खरी डोकेदुखी नावाच्या स्पेलिंगची. बाप्तिस्म्याला एक, जन्मदाखल्यावर दुसरं आणि आधारवर तिसरं. शाळेत नाव घालताना जन्मदाखल्यावरचंच घाला, दहावीचा फॉर्म भरताना माझी आठवण काढाल.

आम्ही ख्रिस्ती आहोत, पण कॅथलिक नाही.

कोल्हापुरात हे अगदी नेहमीचं आहे. इथे अमेरिकन मिशनरी रेव्हरंड वायल्डर १८५२ साली आले, आणि जिल्ह्यातली पुष्कळशी ख्रिस्ती घरं त्या प्रॉटेस्टंट परंपरेतली आहेत. मिरजेचं वान्लेस हॉस्पिटलही त्याच धाग्यातलं. तुमच्या मुलाला धर्मशिक्षणाला बसवायचं की मूल्यशिक्षणाला, हे तुम्ही ठरवा. बसवलंत तर तुमचा बाप्तिस्मा आम्ही मानतो, पुन्हा करत नाही. ख्रिस्तप्रसाद मात्र सर्वसाधारणपणे कॅथलिकांनाच दिला जातो, हे मुलाला आधीच समजावून आणा. रांगेतून परत पाठवायला कुणालाच आवडत नाही.

बारीक फरक वर्गात गंमत करतात. प्रभूची प्रार्थना म्हणताना कॅथलिक मुलं 'वाइटापासून सोडव'पाशी थांबतात आणि तुमची पोरं 'राज्य, सामर्थ्य व गौरव' म्हणत पुढे जातात. मग एकटाच आवाज वर्गात घुमतो आणि तो मुलगा कानापर्यंत लाल होतो. दहा आज्ञांचे क्रमांकही जुळत नाहीत, कारण मूर्तीबद्दलची आज्ञा तुमच्याकडे स्वतंत्र धरतात आणि आमच्याकडे पहिलीतच येते. तोंडी परीक्षेत 'पाचवी आज्ञा कोणती' असं विचारलं तर दोघांची उत्तरं वेगळी येतात. मी दोन्ही बरोबर धरते.

वर्ग कोणत्या भाषेत होतो?

शाळा इंग्रजी माध्यमाची, म्हणून पुस्तक इंग्रजी. माझं बोलणं मराठी. घरी कुणाची कोकणी, कुणाची मल्याळम, कुणाची तमिळ. आजरा-चंदगडच्या बाजूची कोकणी बोलणारी घरं आणि हॉस्पिटलांत नोकरीला आलेल्या केरळच्या नर्सताईंची मुलं एका बाकावर बसतात, आणि भांडताना सगळी कोल्हापुरी बोलतात. माझा अनुभव असा, की इंग्रजीत पाठ झालेलं परीक्षेपुरतं टिकतं. आजारपणात, भीती वाटली तर मूल घरच्या भाषेतच देवाला हाक मारतं, म्हणून एक तरी प्रार्थना घरच्या भाषेत शिकवा. मराठीत ख्रिस्ती काही नाही असं कुणी म्हणालं, तर फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण सांगा. इंग्लंडहून गोव्यात आलेल्या या माणसानं हजारो ओव्या रचल्या आणि १६१६ साली त्या छापल्या गेल्या.

रविवारी सकाळी फुटबॉलची प्रॅक्टिस असते. धर्मशिक्षण बुडालं तर चालेल का?

हा प्रश्न मुंबईत कुणी विचारत असेल असं वाटत नाही. इथे मात्र पेठेतला मुलगा तालमीच्या संघात घेतला गेला म्हणजे घरात कुणाची तरी सरकारी नोकरी लागल्यासारखं असतं. शाहू स्टेडियमवर मॅच असेल तर आमच्या गायकवृंदात फक्त मुली उरतात.

पापनिवेदन आणि ख्रिस्तप्रसाद यांची तयारी चालू असते त्या वर्षी वर्ग बुडवू नका. त्या वर्षातले तास एकावर एक उभे असतात, मधला निसटला की पुढचं कळत नाही. इतर वर्षी प्रशिक्षकांशी बोलून बघा, बहुतेक जण अर्धा तास मागेपुढे करतात. मी एकदा स्वतः मैदानावर गेले होते. कोच म्हणाले, "टीचर, तुम्ही त्याला नऊला सोडा, मी त्याला सव्वानऊला पळवतो." तेव्हापासून तो मुलगा स्टड हातात घेऊन वर्गात बसतो. मला चालतं. चिखल पुसून या, एवढंच.

टिकली, मेंदी, गणपतीची सुट्टी?

गणपती, दसरा आणि दिवाळीच्या सुट्ट्या इतर शाळांसारख्याच. टिकली आणि मेंदीवरून काही शाळांत मुलींना बोलतात, हे मला माहीत आहे आणि ते मला पटत नाही. नागपंचमीची मेंदी आठ दिवसांत जाते, पण चारचौघांत झालेला अपमान मुलीच्या लक्षात राहतो. शाळेचा नियम लेखी काय आहे, हे प्रवेश घेतानाच विचारा.

आमचे सणही तुमच्या सणांना खेटून येतात. ८ सप्टेंबरला मरियेचा जन्मदिवस, त्याआधीचे नऊ दिवस मुलं फुलं आणतात. बऱ्याचदा त्याच सुमारास गणपती असतात आणि मंडईत फुलांचा भाव चढलेला असतो. ५ सप्टेंबर हा शिक्षकदिन आणि मदर तेरेसांचाही स्मरणदिन. १५ ऑगस्टला मरियेचं स्वर्गोन्नयन, त्यामुळे त्या दिवशी झेंडावंदन आणि मिस्सा दोन्ही. गणवेश एकदाच इस्त्री करायचा.

नाताळचा गोठा, म्हणजे बेथलेहेममधल्या येशूजन्माचा देखावा, मात्र बघायला याच. आमच्याकडे गोठा करायला वेगळा कलाकार लागत नाही, कारण या गावातल्या प्रत्येक पोरानं दिवाळीत किल्ला केलेला असतो. तीच माती, तेच पोतं, तीच अळिवाची हिरवळ. धर्म कुठलाही असो, सगळे मधल्या सुट्टीत हात काळे करतात. एका वर्षी बेथलेहेमला बुरूज आला. दुसऱ्या वर्षी मेंढपाळ कमी पडले म्हणून कुणीतरी दिवाळीतले मावळे आणून उभे केले. एकाच्या हातात भाला होता. फादरनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "राहू दे, बाळाला राखण हवीच."

उपवासकाळात डब्यात काय द्यायचं?

उपवासकाळ म्हणजे ईस्टरआधीचे चाळीस दिवस. शाळा डबा तपासत नाही. कॅथलिक घरांसाठी नियम असा: भस्म बुधवार (उपवासकाळाचा पहिला दिवस) आणि शुभ शुक्रवार (गुड फ्रायडे) या दोन दिवशी मटण-चिकन वर्ज्य, आणि हे चौदा वर्षं पूर्ण झालेल्यांना लागू. एक वेळ जेवून राहण्याचा उपवास अठरा ते एकोणसाठ वयाच्यांना. म्हणजे तिसरीतल्या मुलाला उपाशी पाठवू नका, त्यात पुण्य नाही, चक्कर आहे. अंडी-मासे चालतात. तांबडा-पांढरा रस्सा चाळीस दिवस बंद ठेवणारी घरं इथे आहेत आणि मी त्यांना मनापासून मानते. भस्म बुधवारी कपाळावर राख लावून मुलं वर्गात येतात. शेजारचा विचारतो, "अंगारा लावलाय?" जवळपास बरोबर आहे, मी दुरुस्त करत नाही.

कॅथलिक असलं की प्रवेश नक्की का? आणि पंचवीस टक्क्यांचं काय?

अल्पसंख्याक शाळांना कलम ३० नुसार आपल्या समाजातल्या मुलांना प्राधान्य देता येतं, पण जागा असतील तेवढ्याच. शिक्षण हक्क कायद्यातल्या पंचवीस टक्के राखीव जागा या शाळांना लागू नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली स्पष्ट केलं. अनुदानित शाळेत धर्म किंवा जात बघून कुणाला नाकारता येत नाही. चर्चमध्ये एरवी न दिसणारी माणसं प्रवेशाच्या महिन्यात पहिल्या बाकावर बसतात. फादरना ते कळतं.

वर्गात ख्रिस्ती मुलं वेगळी बसतात का?

धर्मशिक्षणाचा तास सोडला तर नाही. शाहू महाराजांनी १९०१ पासून मराठा, जैन, मुस्लिम अशी समाजवार बोर्डिंगं उभी करायला हात दिला, म्हणून हे शहर वसतिगृहांची जननी म्हणवतं. राहायला वेगळी असलेली ती मुलं शिकायला मात्र एकत्र बसायची. आमच्याकडे एका तासापुरतं तेच होतं. मधली सुट्टी झाली की डबे एकत्र उघडतात.

मुलांच्या सुरक्षिततेचं काय?

विचारायलाच हवं, आणि हा प्रश्न ऐकून ज्या शाळेत कुणी नाराज होतं तिथे जास्त विचारा. लहान मुलाचं पापनिवेदन इतरांना दिसेल अशा जागी होतं. एकट्या मुलाला बंद खोलीत बोलावलं जात नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. शिक्षक, सिस्टर, फादर, कुणीही सुटत नाही. चर्चमध्येही पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली धर्मगुरू आणि धर्मभगिनींवर अशी माहिती धर्मप्रांताला देण्याचं बंधन घातलं. शाळेत बोलायचं धाडस होत नसेल तर १०९८ हा मुलांसाठीच्या मदतीचा फोन क्रमांक आहे, मुलाकडूनही पाठ करून घ्या.

पूर आला की?

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी ३९ फुटांवर गेलं म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. सुट्टीचा निर्णय जिल्हाधिकारी कार्यालयाकडून येतो, आमच्याकडे सकाळी सहाला फोन करून उपयोग नाही. २०१९ आणि २०२१ च्या पुरात वह्या-पुस्तकं गेलेली मुलं पुष्कळ होती. धर्मशिक्षणाची वही भिजली तर पुन्हा लिहायला लावत नाही.

घरी आम्ही काय करायचं?

कॅथलिक पालकांना हे जरा कडू वाटेल. माझ्याकडे मूल आठवड्याला फार तर दोन तास असतं. त्यात मी प्रार्थनेचे शब्द शिकवू शकते, पण प्रार्थना करणारं माणूस त्याला घरीच दिसावं लागतं. 'टीचर, ह्याला जरा देवाधर्माचं शिकवा' म्हणून गेटवर सोडून बाप परत घरी झोपायला जातो, हे मुलाला दिसत असतं. रात्री जेवणाआधी दोन ओळी एकत्र म्हणा. रोझरी (मण्यांच्या माळेवरची प्रार्थना) पूर्ण नाही झाली तर एक दशक, म्हणजे दहा मण्यांचा एक भाग, म्हणा. आजी असेल तर तिच्याकडे सोपवा, ती माझ्यापेक्षा चांगली शिकवते.

एकदा वर्गात बसून बघता येईल का?

हो, कुठल्याही धर्माच्या पालकांनी यावं. आदल्या दिवशी सांगा, मागचा बाक रिकामा ठेवते. बाक पहिलीच्या मापाचा आहे, गुडघे आडवे येतील. मुलांनी प्रश्न विचारले तर उत्तर द्यावं लागेल, आणि पेरणाऱ्याच्या दाखल्याच्या दिवशी शेतीतलं कळणारं कुणी आलं तर मला फारच बरं.